विनी स्टेदर्सचा वर गेलेला हात

लंडनच्या एका प्रतिष्ठित मासिकाने ‘बर्फाची पाळी’ या माहितीपटाचा उल्लेख ‘हरवलेली उत्कृष्ट कृती’ असा केला, तेव्हा नोरीन ब्लेंकिन स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. तिने ते वाक्य दोनदा वाचले आणि सुरी खाली ठेवली. हरवलेली! चित्रपटाची प्रत स्केल्बीच्या सार्वजनिक वाचनालयाच्या तळघरात होती, आणि त्यातून कापून काढलेला तुकडा नोरीनच्या जिन्याखाली, पत्र्याच्या चपट्या डब्यात, इस्त्रीच्या टेबलामागे उभा करून ठेवलेला होता. हरवला होता तो फक्त कोणीतरी येऊन विचारण्याचा उत्साह. या देशात एखादी गोष्ट राजधानीतल्या चार जणांच्या नजरेआड गेली की ती हरवली असे धरतात, आणि त्या चौघांपैकी एकाला ती आठवली की सापडली असे जाहीर करतात. मधल्या काळात जे ती सांभाळतात त्यांची गणना माणसांत होत नाही, फार तर कपाटांत होते.

मासिकात क्रिस्पिन वेलचे छायाचित्र होते. पांढरे केस, काळा सदरा, आणि खाली शब्द: ‘दिग्दर्शक’.

नोरीनला त्या शब्दाचे हसू आले नाही. कारण तो शब्द कोणाच्याही नावापुढे लागू नये, असा ठराव ज्यांनी केला होता त्यांत क्रिस्पिन होता आणि ती स्वतःही होती.

स्केल्बी हे पूर्व किनाऱ्यावरचे बंदर. आइसलंडच्या पाण्यात मासेमारी बंद झाल्यावर इथले ट्रॉलर एकामागून एक भंगारात निघत होते, त्या वर्षांत जाळी ठेवायच्या एका जुन्या वखारीत पाच-सहा तरुण मंडळींनी चित्रपटांची कार्यशाळा काढली. बहुतेक जण दक्षिणेकडून आलेले, विद्यापीठात शिकलेले. नोरीन तेवढी गावची, गोदीवरच्या हमालाची मुलगी, शिष्यवृत्तीवर शिकून परत आलेली. कार्यशाळेत कॅमेरा पाळीपाळीने, ध्वनिमुद्रण पाळीपाळीने, केर काढणेही पाळीपाळीने. फक्त संकलनाचे टेबल नोरीनकडे राहिले, कारण बाकीच्यांना अंधाऱ्या खोलीत तास न् तास फीत जोडत बसण्याचा कंटाळा होता. त्या कंटाळ्याला त्यांनी ‘नोरीनवरचा विश्वास’ असे नाव दिले होते.

कार्यशाळेचे दोन नियम होते. पहिला, चित्रपटावर कोणाचेही नाव येणार नाही. काम सगळ्यांचे, म्हणून नावही फक्त कार्यशाळेचे. दुसरा नियम अधिक अभिमानाचा होता. चित्रपट आधी ज्यांचा आहे त्यांनाच दाखवायचा, आणि दिवे लागल्यावर चित्रातल्या कोणीही हात वर केला, तर त्याला नको असेल ते कारण न विचारता कापून टाकायचे. मोठमोठ्या वाहिन्यांवरचे लोक गरिबांची तोंडे उचलून नेतात आणि परत आणून देत नाहीत. आपण तसे नाही, हे दाखवण्यासाठी तो नियम होता. ज्याला त्याला वेगवेगळे बोलावून दाखवावे अशी सूचना कोणीतरी केली होती. नोरीनने ती खोडून काढली. बंद दाराआड एकेकाला गाठणे हे मालक लोकांचे धोरण. आपण सगळ्यांना एकत्र बसवू, ती म्हणाली. टाळ्या पडल्या. सहा शिकल्यासवरल्या डोक्यांपैकी एकाच्याही ध्यानात आले नाही की एखादीची गोष्ट सगळ्या गावासमोर दाखवून मग तिला ‘ही काढून टाकायची का?’ असे विचारण्याला संरक्षण म्हणत नाहीत.

‘बर्फाची पाळी’ हा मासे चिरणाऱ्या बायकांवरचा चित्रपट. पहाटेची शेड, बर्फात बुडालेले हात, पाठीचा कणा एका फटक्यात सोडवणाऱ्या सुऱ्या, आणि त्या सगळ्यावर बायकांची अखंड बडबड. त्यात विनी स्टेदर्स होती. नोरीनच्याच गल्लीतली, चाळिशीची, विधवा. तिचा नवरा लेन ‘कॅथलीन मे’ या ट्रॉलरबरोबर बुडाला होता. त्या ट्रॉलरवरच्या माणसांची नावे गोदीच्या तोंडाशी दगडावर कोरलेली आहेत, आणि दर जानेवारीत तिथे पुष्पचक्र वाहतात.

विनी चित्रीकरणाच्या दिवशी कॅमेऱ्याकडे बघून बोललीच नाही. हात चालू ठेवून, समोरच्या हॅडॉक माशाकडे बघत ती म्हणाली होती:

“तीन आठवडे बोट समुद्रात, तीन दिवस नवरा घरात. ते तीन आठवडे माझे. तो यायचा त्या दिवशी पोरांना त्यांच्या आजीकडे पाठवायची आणि कानातली काढून ठेवायची. कानातली असली की कान फाटतो ना. तर शेवटच्या खेपेला तो निघाला त्या सकाळी मी कपडे धुतले. सगळे. चादरीपण. त्याचा एक शर्टपण.”

मग तिने मासा उलटवला आणि पुढचा घेतला.

लांब काठीच्या टोकाला बांधलेला मायक्रोफोन त्या दिवशी क्रिस्पिनकडे होता. बाहेर आल्यावर तो म्हणाला, “कानातल्यांचं काय जबरदस्त होतं! पण शेवटी ते धुण्याचं कशाला? ते कापू या, पाणी घातल्यासारखं होतं.”

त्याला ठाऊक नव्हते. स्केल्बीत जहाज सुटते त्या दिवशी घरात कपडे धूत नाहीत. धुतले तर माणूस वाहून जातो. नोरीनच्या आईने त्या दिवशी कधी रुमालसुद्धा भिजवला नव्हता. आणि तिचा नवरा तर साधा हमाल, समुद्रावर कधी गेलाही नाही. विनीने जे सांगितले ते नवऱ्याच्या माराविषयी नव्हते. मार गल्लीत कोणाच्या घरी नव्हता! तिने सांगितले ते हे, की मी त्याला बुडवायचा प्रयत्न केला. आणि त्याच ट्रॉलरवर शेजारणींचे नवरे होते, मुलगे होते.

“ते राहील,” नोरीन म्हणाली. “तेच राहील.”

क्रिस्पिनने खांदे उडवले.

दाखवणे झाले मच्छीमार क्लबात. पेस्ट्रीत भरलेले मांस आणि वाटाण्याचा हिरवा लगदा असे जेवण, बिअरचे ग्लास, बाकांवर दाटी. नोरीन मागे प्रोजेक्टरपाशी उभी होती. सुरुवातीला हशा, शिट्ट्या. जो तो आपापल्या नाकावर आणि ढुंगणावर टीका करत होता. “ए मेव्हिस, तुझ्यासाठी रुंद पडदा मागवायला हवा होता!” मग विनी आली. धुण्याचे वाक्य आले. आणि क्लबातला आवाज असा थांबला, जसा यंत्राचा पट्टा तुटल्यावर थांबतो. प्रोजेक्टरची खरखर तेवढी उरली.

दिवे लागले. नियमाप्रमाणे विचारले गेले. नोरीनला मागून फक्त डोकी दिसत होती आणि त्या डोक्यांवर सावकाश वर गेलेला एक हात. विनीचा. बर्फाने लाल झालेली बोटे; मनगटापासून खालचे सगळे डोक्यांआड.

दुसऱ्याच दिवशी नोरीनने तो तुकडा काढला. चित्राची मूळ निगेटिव्ह काढली, आवाजाची फीत काढली, दोन्ही डब्यात ठेवली आणि डब्याला चिकटपट्टी लावली. चित्रपट लंडनला गेला, एका वाहिनीवर आडवेळेला लागला, चांगला म्हणवला गेला आणि विसरला गेला. विनीला मात्र गाव विसरले नाही. शेडमध्ये तिच्या शेजारच्या जागा रिकाम्या राहू लागल्या. जानेवारीत ती दगडापाशी गेली तेव्हा बायकांनी पाठ केली. कोणी तिला कधी काही म्हणाले नाही. स्केल्बीत म्हणत नाहीत. तिने शेड सोडली, शाळेतली फरशी पुसायचे काम धरले आणि पुढे घर बदलून गावाच्या दुसऱ्या टोकाला गेली. नोरीन तिला बाजारात लांबून दिसायची. समोर जायचे धैर्य तिला झाले नाही. पण आपण निदान शब्द पाळला, तुकडा कोणाला दिला नाही, एवढ्या एका गोष्टीवर ती आपली मान ताठ ठेवत आली. वाहिनीचे अनुदान आटले, कार्यशाळा मिटली, वखारीचे महागडे फ्लॅट झाले. क्रिस्पिन टेलिव्हिजनमध्ये गेला आणि मोठा झाला. नोरीनने निवृत्त होईपर्यंत एका कॉलेजात प्रोजेक्टर आणि पडदे वर्गावर्गांत पोचवण्याचे काम केले. त्या पदाचे नाव भारदस्त होते. काम ढकलगाडीचे होते.

मासिक येऊन गेल्यावर पंधरवड्याने क्रिस्पिन दारात उभा राहिला.

“नोरीन! अजिबात बदलली नाहीस.”

“तू बदललास. दिग्दर्शक झालास म्हणे.”

तो हसला. बसला, चहा घेतला, बिस्किटाची तारीफ केली. मग म्हणाला, “लंडनच्या महोत्सवात आपला चित्रपट नव्यानं स्वच्छ करून दाखवतायत. संपूर्ण. त्यांना विनीचा प्रसंग हवाय. तो डबा तुझ्याकडे आहे ना?”

“डबा आहे. प्रसंग नाही. तो विनीचा आहे. तिनं काढायला सांगितला.”

“अगं, किती वर्षं झाली! ते धुण्याचं वाक्य, ते म्हणजे या चित्रपटाचा आत्मा आहे, नोरीन. मी तर तेव्हाही म्हटलं होतं.”

“तू म्हटलं होतंस की पाणी घातल्यासारखं होतं.”

“मी? शक्यच नाही.” त्याच्या चेहऱ्यावर खरेच आश्चर्य होते. अशा माणसांचे हेच बलस्थान. ती खोटे बोलत नाहीत, त्यांना आपल्या सोयीचे आठवते. “बरं, विनी आहे अजून? तिलाच विचार ना. ती नाही म्हणाली तर मी गप्प.”

विनीलाच विचारावे, ही गोष्ट नोरीनला कोणीही सांगायला नको होती. आणि सांगायची, तर ती क्रिस्पिनने सांगायला नको होती.

विनी समुद्राकाठच्या वृद्धाश्रमात होती. खिडकीला पाठ करून बसली होती. कानात मोठी, स्वस्त, लाल कानातली.

“मावशी, मी नोरीन. ब्लेंकिनांची.”

“दिसतंय मला. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, दोन्ही. बस. इतकी वर्षं बाजारात कोबीच्या ढिगामागं लपायचीस, आज बरी आलीस.”

नोरीन बसली. तिने सगळे सांगितले: महोत्सव, डबा, क्रिस्पिन. शेवटी म्हणाली, “मी कोणाला दिला नाही, मावशी. तुम्ही हात वर केलात त्या दिवसापासून कोणी पाहिला नाही.”

विनीने भुवया उंचावल्या.

“कोणाचा हात?”

“तुमचा. क्लबात. मी मागून पाहिला.”

“हात माझा होता गं. उचलला सासूनं.” विनीने आपले उजवे मनगट डाव्या हाताने धरले आणि वर केले, टेबलावरून बरणी उचलावी तसे. “अशी. माझ्या शेजारी बसली होती म्हातारी ॲग्नेस. दिवे लागले तशी माझं मनगट धरलं आणि वर. लेन कोणाचा मुलगा होता ते बोटांवरून कळलं.”

“पण मग तुम्ही बोलला का नाहीत?”

“कोणाशी? सगळा क्लब माझ्याकडे मान वळवून. आणि तुम्ही लगेच टिपून घेतलंत, धन्यवाद म्हणालात. आभार मानले हो माझे! मी तर त्या दिवशी केस धुऊन आले होते. म्हटलं, एकदाच काय ते सगळ्यांनी ऐकावं, नंतर मी मोकळी. त्यांनी ऐकलं खरं. आणि मग तुम्ही ते कापलंत. म्हणजे गावाला वाटलं, हिचीच हिला लाज वाटली. गुन्हा कबूल केला आणि वर कबुली मागं घेतली.”

 जिन्याखालचा डबा नोरीनच्या डोळ्यांपुढे आला. दर वसंतात ती त्याच्यावरची धूळ पुसत आली होती.

“मावशी, तुम्हाला कधी वाटलं का… त्या धुण्यामुळे…”

“नोरीन,” विनी म्हणाली, “कपडे धुऊन बोटी बुडत असत्या ना, तर या किनाऱ्यावर एक नवरा उरला नसता.”

मग तिने अट सांगितली. देऊन टाक डबा. पण आधी इथं दाखवा. लंडनला नंतर. “आणि मी पुढं बसणार. शेजारी कोणी नको.”

नोरीनने ती अट क्रिस्पिनला कळवली आणि स्वतःची एक जोडली: नियम जुनेच राहतील. “अर्थातच,” तो म्हणाला. “अर्थातच, अर्थातच.” तेवढ्या बळावर तिने डबा दिला. शिकलेल्या माणसाच्या ‘अर्थातच’वर विसंबू नये एवढी अक्कल यायला तिचे वय पुरेसे होते, पण विनीला घाई होती आणि घाई करण्यासारखेच तिचे वय होते.

मच्छीमार क्लबात आता गालिच्यांचे दुकान आहे, म्हणून दाखवणे चर्चच्या सभागृहात झाले. जुन्या बायकांपैकी चार-दोन उरलेल्या, त्यांच्या नाती, आणि बाकीचे महोत्सवाचे लोक. त्यांतल्या दोघांच्या खांद्यावर कॅमेरे, कारण दाखवण्याचेही चित्रण करायचे होते. पुढच्या रांगेच्याही पुढे, चाकांच्या खुर्चीत, एकटी विनी. जेवण नव्हते. चीजचे चौकोनी तुकडे काड्यांना टोचून ठेवले होते.

या वेळी नोरीन मागे नव्हती. ती पडद्याच्या बाजूला, लोकांकडे तोंड करून उभी राहिली.

अंधार झाला आणि पडद्यावर पहिली अक्षरे उमटली: ‘क्रिस्पिन वेल यांचा चित्रपट’.

“हा कोण?” विनीने मोठ्याने विचारले.

नोरीनने क्रिस्पिनकडे पाहिले. तो अंधारात, पडद्याकडे बघत, ओठांवर बोट ठेवून हसत होता. नंतर त्याने समजावले की महोत्सवांना कोणाचे तरी नाव लागतेच, त्याशिवाय प्रवेशिका स्वीकारत नाहीत, नाइलाज असतो. नोरीनचे नाव शेवटी होते. ‘विशेष आभार’ या मथळ्याखाली, महोत्सवाला पाण्याच्या बाटल्या पुरवणाऱ्या कंपनीच्या वर.

विनीचा प्रसंग आला. चित्र इतके स्वच्छ केले होते की तिच्या मनगटावरचे बर्फाचे कण मोजता आले असते. ‘त्या सकाळी मी कपडे धुतले,’ पडद्यावरची विनी म्हणाली, आणि नोरीनने लोकांचे चेहरे पाहिले. जुन्या बायकांपैकी एकीने डोळे मिटले. बाकी सभागृहात हलकासा, कौतुकाचा हशा पिकला. “किती गोड!” महोत्सवाची एक बाई शेजारणीला म्हणाली. “या लोकांच्या समजुती!” नातींनी एकमेकींकडे पाहिले, त्यांना काही कळले नव्हते. त्यांच्या घरी धुण्याचे यंत्र रोज चालते आणि समुद्रावर कोणी जात नाही. ज्या एका वाक्यापायी एका बाईला उरलेले आयुष्य गावाच्या दुसऱ्या टोकाला काढावे लागले, ते वाक्य ऐकून घाबरणारा माणूसच शिल्लक नव्हता.

दिवे लागले. टाळ्या झाल्या. क्रिस्पिन उठू लागला, तेवढ्यात नोरीन पुढे आली.

“बसा,” ती म्हणाली. “इथला एक नियम आहे. चित्रात जे कोणी आहे, त्याला यातलं काही नको असेल तर त्यानं हात वर करावा. ते काढून टाकलं जाईल. कारण विचारलं जाणार नाही.”

महोत्सवाच्या लोकांना हे फारच आवडले. कॅमेरे वळले.

विनीचा हात वर गेला. सावकाश. नोरीनने या वेळी समोरून पाहिले. दोन्ही बाजू मोकळ्या होत्या. मनगटाला कोणाची बोटे नव्हती. खुर्चीच्या हातावर कोपर टेकवून, दुसऱ्या कोणाचाही आधार न घेता, विनीने तो हात वर धरला होता.

“काय काढायचं, मावशी?”

“ते सुरुवातीचं नाव,” विनी म्हणाली. “काठीला बोळा बांधून वासानं नाक धरून उभा असायचा, तोच ना हा? काढ ते. बाकी सगळं राहू दे.”

सभागृह हसून लोटपोट झाले, टाळ्या वाजल्या. सगळ्यांत मोठ्याने क्रिस्पिन हसला. तो उठून विनीपाशी गेला, गुडघ्यावर बसला आणि त्याने तिच्या हाताचे चुंबन घेतले. तेही चित्रित झाले. “अप्रतिम!” तो म्हणाला. “हे आपण वापरलंच पाहिजे.”

त्यांनी वापरले. लंडनच्या महोत्सवात चित्रपट क्रिस्पिन वेल यांचा म्हणूनच लागला, आणि अखेरीस जोड म्हणून स्केल्बीचा तो प्रसंग दाखवला: विनोदी म्हातारी, वर गेलेला हात, हसणारे लोक, गुडघ्यावर बसलेला दिग्दर्शक. समीक्षकांनी त्यात त्याचा विनय पाहिला. नोरीनने महोत्सवाकडे लेखी तक्रार केली, नियमाचा हवाला दिला. अशा प्रतिसादांमुळे आम्हाला प्रेरणा मिळते, असे उत्तर आले.

रविवारी ती विनीकडे गेली. विनी दुपारच्या चहात बिस्किट बुडवत होती.

“काढलं का गं नाव?”

नोरीनला खोटे बोलता आले असते. विनी लंडनला जाऊन बघणार नव्हती.

“नाही, मावशी.”

विनीने मान डोलावली. तिला आश्चर्य वाटलेले दिसले नाही.

“सासूनं माझा हात उचलला तेव्हा दुसऱ्याच दिवशी कापलंस,” ती म्हणाली. “मी उचलला तर टाळ्या वाजवल्या.”

बिस्किट चहात मोडून पडले. ती ते चमच्याने शोधत राहिली.